गोगलगायीच्या पाठीवरची फाइल : आठवीच्या वर्गातील व्यंगचित्रवाचनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावरील एका गावातील जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा हे या प्रकरणाचे ठिकाण आहे. गावाचे, शाळेचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटू शकेल असे काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. दोन्ही काठांवर खरिपात कपाशी, सोयाबीन आणि तूर घेतात आणि बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर चालते. आठवीच्या वर्गात २४ मुले-मुली होती. घरी वर्तमानपत्र येत असेल अशी घरे त्यांच्यात दोन किंवा तीन. गावात वर्तमानपत्र एसटीबरोबर येते, ते बसथांब्याजवळच्या टपरीवर दिवसभर हातोहात फिरते आणि संध्याकाळी त्याच्यात चिवडा बांधला जातो. मोबाइल मात्र जवळपास प्रत्येक घरात आहे, आणि मुले दिवसातून कितीतरी चित्रे पाहतात.

आठवीला इतिहास व नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका त्याच वर्षी बदलीने या शाळेत आल्या होत्या. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे नव्या गावात रुळायला त्यांना पहिली घटक चाचणी होईपर्यंत जेमतेम महिनाभर मिळाला. नागरिकशास्त्रातील ‘नोकरशाही’सारखा पाठ मुलांना कोरडा वाटणार हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते, म्हणून व्यंगचित्रांच्या आधाराने तो शिकवावा असे त्यांनी ठरवले. मी त्या वेळी तालुक्यातील शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या गटसाधन केंद्रात विषय साधनव्यक्ती म्हणून काम करत होतो. या प्रयोगाला मीच प्रोत्साहन दिले, आणि निरनिराळ्या मराठी दैनिकांतून जमवलेल्या व्यंगचित्रांच्या कात्रणांचे एक जाड पाकीट त्यांच्या हवाली केले. त्या पाकिटात काय काय होते हे मी नीट पाहिले नव्हते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच नोंदवतो.

चित्र वाचता येणे ही एक साक्षरता आहे, हा विचार शिक्षणात नवा नाही. अमेरिकेत जॉन डेब्स यांनी १९६९ मध्ये दृश्यसाक्षरता या संज्ञेची मांडणी केली. चित्रात काय आहे हे ओळखणे, ते तसे का काढले असावे याचा अंदाज बांधणे, त्या अंदाजाला चित्रातूनच आधार देणे आणि शेवटी चित्रकाराच्या म्हणण्याशी आपण सहमत आहोत की नाही हे ठरवणे, इतका पल्ला त्यात येतो. या सरावासाठी व्यंगचित्र फार उपयोगी पडते, कारण त्यातील प्रत्येक रेघ हेतूने काढलेली असते. नाक मोठे असेल तर ते काही सांगण्यासाठी मोठे असते, आणि एखाद्या खुर्चीला तीनच पाय असतील तर चौथा विसरलेला नसतो.

पहिला प्रयत्न आणि अडचण

जुलैमध्ये चार तासिका व्यंगचित्रांवर झाल्या. पद्धत साधी होती: शिक्षिका कात्रणाची मोठी झेरॉक्स फळ्यावर चिकटवत, मुले हसत, मग शिक्षिका चित्राचा अर्थ समजावून सांगत आणि तो फळ्यावर लिहून देत. मुलांना तास आवडत होते. शिक्षिकाही समाधानी होत्या, आणि एका तासाला मागच्या बाकावर बसून मीही समाधानी झालो होतो.

घटक चाचणीत एक व्यंगचित्र देऊन त्यावर चार-पाच वाक्ये लिहायला सांगितली, तेव्हा खरी स्थिती उघड झाली. चित्र नवे होते. उत्तरे मात्र जुनी होती. बहुतेक मुलांनी वर्गात पाहिलेल्या दुसऱ्याच एका चित्राचा फळ्यावर लिहून दिलेला अर्थ जसाच्या तसा उतरवला होता. ‘सदर चित्रातून चित्रकाराने भ्रष्टाचारावर आसूड ओढला आहे’ हे वाक्य वहीमागून वहीत येत होते, आणि चित्रात भ्रष्टाचाराशी संबंधित काहीही नव्हते. ते पाणीटंचाईवर होते. मुलांनी चित्राकडे पाहिलेच नव्हते. व्यंगचित्र म्हटले की भ्रष्टाचार लिहायचा, हे समीकरण त्यांनी आमच्याकडूनच उचलले होते.

उत्तरपत्रिकांवर मुलांशी बोलताना दुसरी गोष्ट कळली. चित्रातील म्हाताऱ्याच्या डोक्यावर एक ढगासारखा फुगा होता आणि फुग्यापासून डोक्यापर्यंत लहान होत गेलेली तीन वर्तुळे होती. हा मनातल्या विचाराचा फुगा आहे, हे आपण कधी शिकलो ते आपल्याला आठवतही नाही. एका मुलाने मात्र शांतपणे सांगितले, “मॅडम, तो बिडी पिऊन रायला. धूर निंगून रायला ना त्याचा.” आणखी पाच-सहा मुलांनी माना डोलावल्या. त्या मुलांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. वर्तुळे वर जाताना मोठी होत होती, धूरही तसाच जातो. त्यांना तो संकेत कुणी सांगितलेला नव्हता, एवढेच. हा क्षण मला आजही महत्त्वाचा वाटतो. ‘ग्रामीण मुलांना चित्रे कळत नाहीत’ असा शेरा केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो किती उथळ आहे हे त्या तीन वर्तुळांनी मला दाखवून दिले.

ऑगस्टमधील घटना

या अडचणीवर उपाय शोधण्याआधीच एक वेगळी आणि अधिक गंभीर घटना घडली. मुलांना आपल्या ओळखीचा विषय द्यावा म्हणजे ती चित्राकडे नीट पाहतील, या विचाराने शिक्षिकांनी पाकिटातून शेतीवरचे एक कात्रण निवडले. त्यात भेगा पडलेली जमीन होती, निष्पर्ण झाड होते, झाडाला दोराचा फास लटकत होता आणि त्याच्या खाली हाडांचा सापळा झालेला शेतकरी आभाळाकडे पाहत बसला होता. मराठी दैनिकांत गेल्या काही दशकांत हे चित्र इतक्या वेळा आले आहे की आपली नजर त्यावर थांबत नाही. विदर्भातील शेतीचा प्रश्न म्हटले की फास, हे चित्रकारांचे ठरून गेलेले प्रतीक आहे.

वर्गात नेहमीप्रमाणे सुरुवातीला थोडे हसू आले आणि मग एकदम शांतता पसरली. मुले चित्राकडे पाहत नव्हती. तिसऱ्या बाकावर बसलेल्या एका मुलीकडे पाहत होती. तिने आपल्या पुढ्यातील प्रत नीट चार घड्या करून दप्तरात ठेवली, पेनाचे टोपण लावले आणि तास संपेपर्यंत ती बाकाच्या कडेवरचा सुटलेला सनमायका नखाने उचलत राहिली. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, आणि कसे गेले हे वर्गातील प्रत्येक मुलाला ठाऊक होते. मुख्याध्यापकांना ठाऊक होते. शिपायांना ठाऊक होते. नव्याने आलेल्या शिक्षिकांना तेवढे कुणी सांगितलेले नव्हते, कारण हजेरीपटावर वडिलांचे फक्त नाव असते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. शिक्षिका संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. आईने त्यांना ओसरीत बसवले, चहा केला आणि म्हणाली, “मॅडम, तुमचं काई चुकलं नाई. तुम्हाले मालूम नव्हतं. पन दोन दिवस तिले शाळेत ये म्हनू नका. ती आपून येईन.” ती चौथ्या दिवशी आली.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात मुख्याध्यापक, शिक्षिका आणि मी असे तिघे दोनदा बसलो. मुख्याध्यापकांचे मत स्पष्ट होते: व्यंगचित्रे बंद करावीत. त्यांच्या भीतीला दुसरेही कारण होते. त्यांनी २०१२ मधील प्रकरणाची आठवण करून दिली. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ मधील व्यंगचित्र छापलेले होते. त्यात राज्यघटनेचे काम गोगलगायीच्या रूपात दाखवले आहे, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले आहेत आणि मागे पंडित नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले, पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली, आणि पाठ्यपुस्तकांतील व्यंगचित्रे तपासण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. “दिल्लीच्या पुस्तकाचं असं झालं, तर आपल्या शाळेचं काय होईल?” हा मुख्याध्यापकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वर्गातील मुलांपैकी बरीच मुले बौद्ध वस्तीतून येत होती आणि त्यांच्या घरात बाबासाहेबांचे स्थान काय आहे, हे विदर्भात कुणाला सांगावे लागत नाही.

ते विशिष्ट चित्र आठवीच्या वर्गात आणायचे नाही, यावर आमचे तिघांचेही एकमत झाले. माझे कारण मात्र भीतीचे नव्हते. ज्या वयात मुलाला ‘हा चाबूक कुणावर उगारला आहे, गोगलगायीवर की तिच्यावर बसलेल्या माणसावर’ असा प्रश्न चित्रापासून थोडे अंतर ठेवून विचारता येतो, ते वय तेरा नाही. त्याहून मोठ्या वयात, संदर्भ समजावून, तो प्रश्न जरूर विचारावा. २०१२ च्या वादात तोच प्रश्न सर्वांत कमी शांतपणे विचारला गेला.

दुसरा पर्याय माझा होता. व्यंगचित्रांची भाषा आधी शिकवून टाकावी, म्हणजे बोलण्याचा फुगा, विचाराचा फुगा, वेगाच्या रेघा, घामाचे थेंब, अतिशयोक्ती, प्रतीक, उपरोध, आणि मग चित्रे द्यावीत, असे मी सुचवले. शिक्षिकांनी त्याला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की मुले ही यादीही पाठ करतील आणि पुढच्या चाचणीत ‘सदर चित्रात अतिशयोक्ती आहे’ असे लिहून मोकळी होतील. त्यांचे बरोबर होते.

तिसरा पर्याय फक्त निरुपद्रवी विनोदी चित्रे वापरण्याचा होता. शि. द. फडणीस यांची शब्दांविना बोलणारी चित्रे त्यासाठी आदर्श होती. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रे काढली होती, ही आठवण मुख्याध्यापकांनीच काढली आणि त्यांचा विरोध थोडा मावळला. सुरुवातीसाठी हा मार्ग आम्हाला पटला. पण तेवढ्यावरच थांबलो तर नागरिकशास्त्राच्या पाठाशी असलेला धागा सुटला असता, आणि मुले ज्या चित्रांनी रोज वेढलेली आहेत ती चित्रे शाळेबाहेरच राहिली असती.

निर्णय कुठून आला

हा पेच आमच्यापैकी कुणाच्या विचारातून सुटला नाही. तो पोळ्याने सोडवला. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका मुलाने मामाच्या मोबाइलवर आलेली नागपूरच्या मारबतीची, म्हणजे पोळ्याच्या सणात मिरवणुकीने नेल्या जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, छायाचित्रे वर्गात दाखवायला आणली. नागपुरात काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते, आणि त्यांच्याबरोबर बडगे निघतात. महागाई, रोगराई, लाचखोरी, त्या वर्षी लोकांना ज्या ज्या गोष्टीने छळले असेल तिचा पुतळा करून, गळ्यात पाटी अडकवून मिरवणुकीत नेतात आणि ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात.

शिक्षिकांनी ते फोटो पाहून सहज विचारले की हा बडग्या कुणाचा आहे. मुले तुटून पडली. पाटी न वाचता, केवळ पुतळ्याच्या अंगावरून त्यांनी सांगायला सुरुवात केली. गळ्यात गॅसच्या सिलिंडरची माळ आहे म्हणून ही महागाई. हात चार आहेत, कारण तो चारही बाजूंनी घेतो. तोंड मोठे आणि कान नाहीत, कारण तो नुसता बोलते, ऐकत नाई. अतिशयोक्ती, प्रतीक आणि उपरोध हे शब्द न वापरता मुलांनी तिन्ही ओळखले होते. ज्या मुलाला विचाराचा फुगा बिडीचा धूर वाटला होता, त्यानेच कान नसल्याचे दाखवले.

शिक्षिकांनी त्याच संध्याकाळी मला फोन केला. त्यांचे वाक्य मी माझ्या नोंदवहीत लिहून ठेवले आहे: “सर, यांना चित्र वाचता येतं. आपण कागदावरचं चित्र यांच्यासमोर ठेवलं आणि वाचायचं काम स्वतःच करून टाकलं.”

प्रत्यक्ष कृती

सप्टेंबरपासून पद्धत बदलली. चित्रासोबतचे शब्द कागदाची पट्टी चिकटवून झाकायचे, पहिली तीन मिनिटे कुणीही बोलायचे नाही, आणि त्यानंतर शिक्षिकांनी फक्त तीन प्रश्न विचारायचे, असे ठरले. हे प्रश्न आमचे नव्हेत. अमेरिकेत अ‍ॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन यांनी संग्रहालयातील चित्रे पाहायला शिकवताना ते वापरले आणि पुढे शाळांतून ते रुजले: चित्रात काय चालले आहे, तसे तुम्ही कशावरून म्हणता, आणि अजून काय दिसते. वर्गात त्यांचे रूप ‘काय चालू हाये, कशावरून म्हंतं, अजून काय दिसते’ असे झाले. शिक्षिकांनी प्रमाणभाषेचा आग्रह या तासापुरता बाजूला ठेवला. लिहिताना मात्र प्रमाण मराठीत लिहायचे होते.

त्यांनी एक नियम स्वतःचा घातला. जो बोलेल त्याने फळ्यापाशी येऊन चित्रातील ज्या जागेवरून तो हे म्हणतो त्या जागेवर बोट ठेवायचे. बोट ठेवता आले तर ते वाक्य फळ्यावर ‘दिसते’ या रकान्यात जाई, नाही तर ‘वाटते’ या रकान्यात. दोन्ही रकान्यांना मान सारखाच होता, पण त्यांची सरमिसळ चालत नव्हती.

या पद्धतीचा एक तास मी पूर्ण पाहिला आणि तो इथे सविस्तर सांगण्यासारखा आहे. चित्र ‘नोकरशाही’ पाठासाठी होते. एक मोठी गोगलगाय, तिच्या पाठीवर शंखाच्या जागी लाल फितीने बांधलेल्या फाइलींचा गठ्ठा, गठ्ठ्यावर खुर्ची टाकून पेंगणारा साहेब, आणि समोर काठी टेकून उभा असलेला, दाढी गुडघ्यापर्यंत वाढलेला म्हातारा. आपल्याला अपेक्षित अर्थ स्पष्ट आहे: सरकारी काम गोगलगायीच्या गतीने चालते.

पहिल्या मुलीने तोच अर्थ सांगितला आणि दाढीवर बोट ठेवले. दुसरा मुलगा उठला आणि म्हणाला, “मॅडम, गोगलगाय अन् पोटात पाय. म्हंजे हा साहेब वरून गरीब दिसते, पन आतून लबाड हाये.” शिक्षिका क्षणभर थांबल्या. मराठीत वाढलेल्या मुलाला गोगलगाय म्हटल्यावर आधी म्हण आठवणार, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. त्यांनी विचारले, कशावरून? मुलाने साहेबाच्या चेहऱ्यावर बोट ठेवले. साहेबाचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा, चष्म्याच्या काचेआड, किंचित उघडा होता. ते चित्र महिनाभर शिक्षिकांच्या टेबलावर होते आणि त्याआधी माझ्या पाकिटात होते. तो उघडा डोळा आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. साहेब झोपलेला नव्हता, झोपेचे सोंग करत होता, आणि त्यामुळे चित्राचा अर्थ बराच बदलत होता.

तिसऱ्या मुलाने आणखी वेगळे सांगितले. “गोगलगाय सोयाबीनचे कोंब खाते. ह्या फाइली आपलं पीक खाऊन रायल्या.” २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती, आणि त्याच्या घरी त्याची चर्चा झाली होती. बोट कुठे ठेवणार, असे विचारल्यावर त्याने म्हाताऱ्याच्या मागच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले: तिथे काही उगवलेले नाही. वर्गात वाद झाला. चित्रकाराने ती जागा सहज मोकळी सोडली असेल, असे काहींचे म्हणणे. मोकळी जागा हाही पुरावाच, असे इतरांचे. शिक्षिकांनी निकाल दिला नाही. त्यांनी ते वाक्य दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिले. मला वाटते, त्या संपूर्ण वर्षातील तो सर्वांत नेमका निर्णय होता.

तासाच्या शेवटी चित्रावरची पट्टी काढली. खाली छापले होते, ‘थांबा, काम सुरू आहे’. उघड्या डोळ्याच्या मुलाने लगेच टाळी वाजवली.

ऑक्टोबरमध्ये मुलांनी चित्रांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. शेतकरी दाखवायचा की फाटके धोतर, फेटा आणि बरगड्या. पुढारी दाखवायचा की टोपी आणि पोट. एका मुलीने विचारले, “शेतकरी नेहमी धोतरातच काहून राह्यते? माहे बाबा त पॅन्ट-शर्टच घालते. धोतर त आमच्या आबाजींनीबी सोडलं.” आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट आणि धोतर घालणारा कॉमन मॅन १९५१ पासून सामान्य माणसाची खूण बनून राहिला, ही गोष्ट सांगून शिक्षिकांनी ठरावीक प्रतिमा म्हणजे काय यावर पुढचा तास घेतला. आपल्या गावातला आजचा शेतकरी ओळखू येईल असा कसा काढाल, हा स्वाध्याय होता. कुणी पाठीवर फवारणीचा पंप काढला, कुणी एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात सातबारा. एका मुलाने वडिलांचा मागचा खिसा काढला, पीककर्जाच्या पासबुकाने फुगलेला.

त्याच सुमारास एक छोटी अडचण आली. एका मुलाने गावातील नादुरुस्त हातपंपावर चित्र काढताना ओळखू येईल असा एक पदाधिकारी काढला आणि त्याचे पोट व काळा रंग यांवरच सगळा भर दिला. चित्र घरापर्यंत पोहोचले आणि शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघाला. शिक्षिकांनी ते चित्र काढू दिल्याचे समर्थन केले नाही आणि मुलाला शिक्षाही केली नाही. पोट आणि रंग त्या माणसाने केलेले नाहीत, बंद पंप त्याच्या जबाबदारीचा आहे, तर मग चित्रात मोठे काय असायला हवे, असे त्यांनी मुलाला विचारले. नव्या चित्रात माणूस अंगठ्याएवढा होता आणि पंपाला गंजाची दाढी आली होती.

परिणाम

जानेवारीत मुलांना न पाहिलेले एक व्यंगचित्र देऊन पुन्हा लिहायला सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी आपल्या अर्थाला चित्रातील किमान दोन आधार दिले. काहींनी केवळ वर्णन लिहिले, आणि तीन मुलांना अजूनही फारसे लिहिता आले नाही, जरी त्यांतील दोघे तोंडी चांगले सांगत होते. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत शिक्षिकांनी तोंडी आणि लेखी अशा वेगळ्या नोंदी ठेवल्या, म्हणून हा फरक दिसला.

ज्याची आम्ही योजना केली नव्हती असा परिणाम फवारणीच्या बाबतीत झाला. २०१७ च्या खरिपात नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते; ती आठवण या काठावरही ताजी आहे. कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोनावर उभा असलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ‘बोट ठेवा’ या सवयीतून एका मुलाने हे चिन्ह वर्गात काढून विचारले, कारण त्याच्या वडिलांनी हिरवा रंग पिकाला चांगला म्हणून सांगितला होता. शिक्षिकांनी घरून डबे आणायला सक्त मनाई केली, गावातील कृषी केंद्रातून माहितीपत्रके मागवली आणि तो चौकोन व्यंगचित्रासारखाच वाचून घेतला. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, तेही विषच, हे वाक्य मुलांनी घरी नेले. किती घरांत त्याचा उपयोग झाला हे मोजलेले नाही.

तिसऱ्या बाकावरची मुलगी वर्षभर नियमित आली. चित्रांच्या तासाला ती ‘दिसते’ हा रकाना उत्तम भरत असे. तिने ‘वाटते’ या रकान्यात एकदाही काही सांगितले नाही. त्याचा अर्थ लावण्याचा मोह आम्ही दोघांनीही आवरला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक कात्रणांच्या पाकिटात होती आणि ती माझी होती. साहित्य पुरवणाऱ्याने ते आधी त्या गावाच्या नजरेने पाहायला हवे. फासाचे प्रतीक वर्गात कधीच आणू नये असे माझे म्हणणे नाही. ज्या भागात हे दुःख घरोघरी आहे तिथे त्याबद्दल मौन पाळणे हाही मुलांवरचा अन्यायच आहे. पण ते आणायचे तर आधी मुख्याध्यापकांशी आणि गरज असेल तर त्या घराशी बोलून, वर्गातील कुणाला त्या तासापुरते बाहेर बसायची मोकळीक देऊन आणायला हवे होते. बदलून आलेल्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात वर्गातील मुलांच्या घरांविषयी अर्धा तास बसून सांगण्याची पद्धत शाळेत असती, तर तो तास घडलाच नसता.

दुसरे असे की बडग्यांपर्यंत आम्ही योगायोगाने पोहोचलो. मुलांना आधीपासून वाचता येणारे चित्र कोणते, हे शोधण्याचे काम जूनमध्ये करता आले असते: रांगोळ्या, दंडार या लोकनाट्यातील सोंगे, निवडणुकीची चिन्हे, कशानेही सुरुवात झाली असती. आम्ही मुलांना काय येत नाही याची यादी आधी केली. तीन मुलांच्या लेखनाकडेही उशिरा लक्ष गेले. त्यांचे तोंडी उत्तर सुरुवातीपासून कुणी तरी लिहून घेतले असते, तर त्यांना स्वतःचेच वाक्य वाचून लिहायला शिकता आले असते.

शिक्षिकांनी आता पाकिटाची तीन पाकिटे केली आहेत. पहिल्यावर ‘केव्हाही’, दुसऱ्यावर ‘पाठासोबत’ आणि तिसऱ्यावर ‘आधी विचारून’ असे लिहिले आहे. यंदा आठवीत २१ मुले आहेत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या सातवीच्या वर्गशिक्षकांबरोबर हजेरीपट घेऊन बसल्या, एकेक नाव वाचत गेल्या, आणि उठताना त्यांनी दुसऱ्या पाकिटातील चार कात्रणे काढून तिसऱ्यात ठेवली.